देवळापासून तिसरं घर: कोसळलेल्या कर्नलमध्ये डीबगर नाव कसं शोधतो

१९ जुलै २०२४ रोजी भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्या घड्याळानुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर रवाना झाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तिने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून सोडले.

पुढच्या काही दिवसांत अनेक जाणकारांनी बंद पडलेल्या संगणकाच्या मेमरीची नक्कल उघडून पाहिली. कोणत्या कामातून कोणतं काम निघालं याची तिथे एक उतरंड दिसते. तिच्यातल्या विंडोजच्या ओळींत सरळ नावं होती: 'केआयपेजफॉल्ट', 'एमएमॲक्सेसफॉल्ट'. नेमका जिथे घात झाला त्या ओळीत मात्र नाव नव्हतंच. तिथे लिहिलं होतं 'सीएसएजंट अधिक अमुक', आणि हा अमुक आकडा नऊ लाखांच्या वर.

एकाच यादीत काहींना नाव आणि एकाला नुसता आकडा, असं का? हा प्रश्न मला तेव्हापासून तीन-चार जणांनी विचारलाय, आणि दर वेळी उत्तर घाईत दिलं गेलं. आज ते सावकाश देतो.

यंत्राला नावं ठाऊकच नसतात

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कुणाला द्यायची, डिस्कवर कधी लिहायचं, कोणता प्रोग्रॅम आधी चालवायचा, हे सगळं तो ठरवतो. तो लिहिणारी माणसं कामाचे छोटे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येकाला नाव देतात. हे तुकडे म्हणजे फंक्शन. पण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरला की 'फाइल वाच' या नावाची जागा एक आकडा घेतो: 'मेमरीत १२४८ व्या जागी जा आणि तिथून पुढच्या सूचना पाळ'. प्रोसेसरला तेवढं पुरतं. नाव काढून टाकलं म्हणून त्याचं काहीच अडत नाही.

अडतं ते आपलं. कर्नल कोसळला की प्रोसेसर एवढंच सांगू शकतो की मी १३२० वर होतो. थांबलेल्या प्रोग्रॅमच्या आत डोकावायच्या साधनाला डीबगर म्हणतात, आणि खुद्द कर्नलच्या आत डोकावणारा तो कर्नल डीबगर. त्याचं पहिलं काम म्हणजे या १३२० वरून माणसाला कळेल असं नाव काढणं. त्यासाठी नाव आणि पत्ता यांच्या जोड्या कुठेतरी लिहून ठेवाव्या लागतात. अशा जोडीला सिम्बॉल म्हणतात, आणि ती शोधण्याला सिम्बॉल लुकअप.

देवळापासून तिसरं घर

आपल्याकडे पत्ता कसा सांगतात? 'मारुतीच्या देवळापासून तिसरं घर.' घराला स्वतःचं नाव नसतं. जवळची ठळक खूण सांगायची आणि तिथून किती पुढे ते सांगायचं. डीबगर हेच करतो.

एक छोटी यादी घेऊ. खरे पत्ते सोळाच्या पायावरच्या आकड्यांत लिहितात आणि ते फार लांबलचक असतात, म्हणून इथे आपले साधे आकडे. 'फाइल_उघड' १०२४ पासून सुरू होतं, 'फाइल_वाच' १२४८ पासून, 'फाइल_लिही' १६०० पासून. प्रोसेसर थांबलाय १३२० वर. यादीत १३२० हा आकडा नाही, आणि असायची शक्यताही जवळजवळ नाही, कारण यादीत फक्त सुरुवातीच लिहिलेल्या असतात. म्हणून डीबगर असं विचारतो: १३२० च्या आधीची, पण त्याला सर्वांत जवळची सुरुवात कोणती? १२४८. म्हणजे 'फाइल_वाच', आणि तिथून ७२ पुढे. पुढचं फंक्शन १६०० ला सुरू होतं, म्हणजे हे ३५२ लांबीचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल कोसळताना नेमक्या याच थाटात छापतो: फाइल_वाच+७२/३५२. अधिकच्या पुढचा आकडा म्हणजे ऑफसेट, खुणेपासूनचं अंतर.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. फंक्शनची लांबी लिनक्सच्या या यादीत लिहिलेली नसते. पुढची खूण आली की आधीच्याची हद्द संपली, असं धरून ती काढतात. मधली एखादी खूण यादीतून गळली असेल तर आधीचं फंक्शन ऐसपैस पसरलेलं दिसतं आणि त्याच्या नावावर दुसऱ्याचं पाप लागतं. म्हणून अनुभवी माणूस नाव वाचायच्या आधी ऑफसेट वाचतो. 'देवळापासून तिसरं घर' पटतं. 'देवळापासून नऊ हजारावं घर' असं कुणी सांगितलं, तर त्या देवळाचा या घराशी संबंध नाही हे तिथेच ओळखावं.

एवढं सोपं असेल तर कर्नल डीबगरचं अप्रूप कशाला?

साध्या प्रोग्रॅमचा डीबगर बाहेर बसून काम करतो. प्रोग्रॅम थांबला तरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते. डिस्कवरून फाइल वाचता येते, हवी तेवढी मेमरी मागता येते. कर्नलच थांबला तर हे सगळं देणाराच उरत नाही. तलाठी कार्यालयाचं छप्पर कोसळावं, कोण अडकलंय ते पाहायला गावाची यादी लागावी, आणि यादी आतल्याच कपाटात असावी, तसं काहीसं होतं.

लिनक्समध्ये केडीबी नावाचा डीबगर आहे, २०१० च्या २.६.३५ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच. तो जागा झाला की बाकीच्या सगळ्या प्रोसेसरना आहे तिथे थांबवून ठेवतो. आता समजा, मेमरीतल्या एखाद्या यादीला कुलूप लावून कुणी काम करत होतं आणि तो प्रोसेसर तसाच गोठला. डीबगरने ते कुलूप उघडायची वाट पाहिली तर ती कधीच संपणार नाही. म्हणून नाव शोधणाऱ्या कोडला कडक पथ्यं असतात: कुलूप मागायचं नाही, नवी मेमरी मागायची नाही, डिस्कला हात लावायचा नाही. कर्नल चालू असताना मागाहून जोडले जाणारे भाग असतात, ज्यांना मॉड्यूल म्हणतात. त्यांच्या नावांच्या वेगळ्या याद्या असतात, आणि त्या अर्ध्या बदललेल्या अवस्थेतही सापडू शकतात. तरीही शोधणाऱ्याने स्वतः कोसळायचं नाही. मला हे कोड नेहमी आदराने वाचावंसं वाटतं. आसपास सगळं बिघडलेलं आहे हे धरूनच ते लिहिलेलं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे नावांची यादी दुसऱ्या घरी ठेवायची. केजीडीबी या व्यवस्थेत एक संगणक थांबलेला असतो आणि केबलने जोडलेल्या दुसऱ्या, धडधाकट संगणकावर डीबगर चालतो. पहिला नुसते आकडे पाठवतो, नावं दुसऱ्याकडे. विंडोजच्या कर्नलची तपासणीही बहुतेक अशीच होते, नाहीतर मेमरीची नक्कल मागाहून उघडून.

लाखभर नावं कर्नलच्या पोटात मावतात कशी?

लिनक्सच्या २.४ आवृत्तीच्या काळात कर्नल कोसळला की पडद्यावर नुसते आकडे यायचे. ते उतरवून घ्यायचे, आणि मग वेगळ्या प्रोग्रॅमकडून, नावांची फाइल शेजारी ठेवून, त्यांची नावं लावून घ्यायची. २.६ पासून कर्नल आपली यादी स्वतःच्या पोटात बाळगू लागला. तिचं नाव कॉलसिम्स. आजच्या सर्वसाधारण लिनक्सवर तिच्यात लाखाहून अधिक नावं असतात, आणि ती सतत मेमरीत ठेवायची म्हणजे जागा लागणारच.

इथे केलेली काटकसर पाहण्यासारखी आहे. आपण पाकिटावर 'मुक्काम पोस्ट', 'तालुका', 'जिल्हा' असं कुठे लिहितो? मु. पो., ता., जि. लिहून भागतं. कर्नल बांधताना सगळ्या नावांमधून वारंवार येणारे अक्षरांचे गट शोधतात आणि प्रत्येक गटाला एक बाइटाची, म्हणजे मेमरीतली एकच जागा घेणारी, खूण देतात. अशा जास्तीत जास्त २५६ खुणांचा तक्ता असतो. कर्नलमधल्या नावांत तेच तेच शब्द इतक्यांदा येतात की यादी बरीच आक्रसते.

शोधताना लाखभर पत्ते चाळावे लागत नाहीत. पत्ते चढत्या क्रमाने लावलेले असतात. शब्दकोश मधोमध उघडून आपला शब्द आधी की नंतर ते पाहतो, तसं अर्धी यादी, मग उरलेल्याची अर्धी असं करत लाखातून सतरा पावलांत मुक्काम गाठता येतो. पत्ता सापडला की त्याचं नाव काढायचं. नावं कमी-जास्त लांबीची असल्यामुळे ७०,००० वं नाव नेमकं कुठे सुरू होतं ते गणिताने कळत नाही. म्हणून दर २५६ नावांनी एक मैलाचा दगड पुरलेला असतो. तिथपर्यंत उडी मारायची आणि उरलेली नावं मोजत चालायचं.

उलटा प्रवास जास्त अवघड. 'फाइल_वाच सुरू झालं की थांब' असं डीबगरला सांगायचं तर नावावरून पत्ता हवा, आणि यादी लागलीय पत्त्यांच्या क्रमाने. बरीच वर्षं लिनक्स अशा वेळी यादीतलं एकेक नाव उलगडून ताडून पाहायचा. २०२३ च्या ६.२ आवृत्तीत नावांच्या क्रमाने लावलेली दुसरी सूची आली तेव्हा कुठे हा शोधही झटपट झाला.

जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर

गावाकडे जमिनीचा व्यवहार केलेल्यांना हे चटकन कळेल. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या नोंदवहीत नवा नंबर शोधला तर उतारा निघतो, पण तो भलत्याच्याच शेताचा. वही खोटी नसते, नंबरही खोटा नसतो. दोन्ही एका काळाचे नसतात.

कर्नलचं असंच आहे. एक ओळ बदलून तो पुन्हा बांधला, म्हणजे नवा बिल्ड केला, तरी त्या ओळीपुढची फंक्शनं थोडी थोडी सरकतात. कालच्या यादीत आजचा पत्ता शोधला तर उत्तर मिळतं, आणि ते दिसायला अगदी बरोबर दिसतं. सुरुवातीच्या एका नोकरीत मी याच चुकीत दोन दिवस घालवले. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडवर, काम चाललं होतं आणि यादी दाखवत होती घड्याळाच्या कोडमधलं एक फंक्शन. मी ते ओळीओळीने वाचलं, त्यात दोष सापडेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एवढंच विचारलं, 'ही फाइल याच बिल्डची आहे ना?' नव्हती. आठवड्यापूर्वीची होती. बरोबरची फाइल लावल्यावर नाव बदललं आणि चूक जेवणाच्या सुट्टीआधी सापडली.

म्हणूनच आता कर्नलवर आणि त्याच्या नावांच्या फाइलवर एकच ठसा उमटवतात. लिनक्समध्ये त्याला बिल्ड आयडी म्हणतात. विंडोजमध्ये प्रत्येक बांधणीचा वेगळा ओळखक्रमांक प्रोग्रॅमवरही असतो आणि त्याच्या पीडीबी फाइलवरही. पीडीबी म्हणजे विंडोजची नावांची वही. मायक्रोसॉफ्टने या वह्या इंटरनेटवरच्या सिम्बॉल सर्व्हरवर सगळ्यांसाठी ठेवल्या आहेत. डीबगर ओळखक्रमांक सांगून नेमकी तीच वही मागवतो, आणि क्रमांक जुळला नाही तर एरवी ती लावतच नाही. जबरदस्तीने लावायची सोय आहे. ती वापरू नये असं मी कळकळीने सांगेन.

गावच दर वेळी सरकवतात, ते कशाला?

इथे एक रास्त शंका येते. कर्नलमधली कोणती गोष्ट कुठे आहे याची यादी संगणकातच ठेवली तर चोराला घराचा नकाशा दिल्यासारखं नाही का? आहेच. म्हणून कर्नल दर वेळी सुरू होताना मेमरीत वेगळ्या ठिकाणी मांडला जातो. लिनक्समध्ये ही सोय २०१४ च्या ३.१४ आवृत्तीत आली आणि २०१७ च्या ४.१२ पासून नेहमीच्या संगणकांवर आपोआप चालू असते. पंगतीतली सगळी पानं एकाच अंतराने पुढे सरकवावीत तसं हे. शेजारी कोण बसलंय ते बदलत नाही, पण पंगत कुठे सुरू होते ते बाहेरच्याला ठाऊक नसतं.

कर्नलच्या पोटातल्या यादीला याने फरक पडत नाही. तिच्यातले पत्ते एका मूळ जागेपासूनच्या अंतरांत मांडलेले असतात आणि ती मूळ जागा कर्नलबरोबर सरकते. बाहेरच्या फाइलवरून शोधायचं असेल तर सरकवल्याचं अंतर आधी वजा करावं लागतं. आज कर्नल ५०,००० ने पुढे असेल तर ५१,३२० म्हणजे आपला मघाचा १३२०. हे अंतर लिनक्स पूर्ण कोसळताना 'कर्नल ऑफसेट' म्हणून छापतो.

कॉलसिम्सची यादी तुम्ही लिनक्सवर स्वतःही उघडून पाहू शकता. सामान्य वापरकर्त्याने उघडली तर नावं दिसतात आणि पत्त्यांच्या जागी शून्यं. पत्ते फक्त अधिकार असलेल्याला दिसतात. २०२० च्या ५.७ आवृत्तीत आणखी एक दार लावलं गेलं: नाव देऊन कर्नलमधला कोणताही पत्ता काढण्याची सोय मॉड्यूलना थेट मिळायची, ती काढून घेतली. काही ड्रायव्हर या वाटेने त्यांना न दिलेली फंक्शनं वापरत होते.

छापलेलं नाव खरं मानायचं का?

बहुतेकदा मानावं. कुठे फसगत होते ते मात्र ठाऊक हवं.

माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. लहान फंक्शन तो अनेकदा वेगळं ठेवतच नाही. ज्याने बोलावलं त्याच्याच अंगात त्याचा मजकूर कालवून टाकतो. मग चूक धाकट्याची आणि नाव थोरल्याचं दिसतं. तपशीलवार माहितीची मोठी फाइल जवळ असेल तर हा गुंता सोडवता येतो, नुसत्या कॉलसिम्सवरून येत नाही. शिवाय एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात. वेगवेगळ्या फाइलींत खासगी वापरासाठी लिहिलेली 'टी_नेक्स्ट' कर्नलमध्ये एकाहून अधिक आहेत. गावात पाटलांची चार घरं असली की 'पाटलांकडे जा' म्हणून भागत नाही.

माझ्या मते सगळ्यांत सुंदर फसगत परतीच्या पत्त्याची. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता लिहून ठेवला जातो. कोण कुणाला बोलावत गेलं ही उतरंड डीबगर याच पत्त्यांवरून लावतो. पण परतीचा पत्ता असतो बोलावण्याच्या पुढच्या सूचनेचा. आता आपलं 'फाइल_वाच' पाहा. त्याची अगदी शेवटची सूचना १५९५ वर आहे, पाच बाइटांची, आणि ती बोलावते कर्नलला कायमचं थांबवणाऱ्या फंक्शनला. तिथून कुणी परत येतच नाही, म्हणून कंपायलरने पुढे काही लिहिलेलंच नाही. परतीचा पत्ता होतो १६००. यादीत पाहा: १६०० म्हणजे 'फाइल_लिही', ऑफसेट शून्य. जे फंक्शन चाललंच नाही त्याचं नाव उतरंडीत येतं, आणि बिचारा शोधणारा लिहिण्याचं कोड तपासत बसतो.

लिनक्स यावर एक साधा उपाय करतो. उतरंड छापताना परतीच्या पत्त्यातून एक वजा करून नाव शोधतो. १५९९, म्हणजे 'फाइल_वाच'. बरोबर.

मग सीएसएजंटपुढे नाव का नव्हतं?

आता ती ओळ वाचता येईल. विंडोजच्या भागांच्या वह्या मायक्रोसॉफ्टने जाहीर ठेवल्या आहेत, म्हणून त्या ओळींना नावं मिळाली. सीएसएजंट हा क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर. त्याची वही बाहेरच्यांकडे नव्हती. डीबगरला त्या भागात एकच उपयोगी खूण ठाऊक होती, ड्रायव्हरची सुरुवात. म्हणून त्याने वेशीपासूनचं अंतर सांगितलं, आणि ते नऊ लाख बाइटांच्या वर भरलं.

कंपन्यांनी नावं का द्यावीत, असं कुणी विचारेल. सुरक्षा कंपनीने आपल्या ड्रायव्हरची नावं उघड केली तर आत शिरू पाहणाऱ्याला मदत होते, हे खरंच आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या जाहीर वह्यांतही सगळं नसतं. फंक्शनांची नावं असतात, आतल्या बदलत्या मूल्यांची आणि ओळींची माहिती गाळलेली असते. कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर पडला की अख्खा संगणक पडतो, तेव्हा निदान एवढी वही बाहेर असावी असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरच्या जाणकारांना त्या दिवशी चुकीच्या पत्त्यावरून मेमरी वाचली गेली एवढं कळत होतं. कशासाठी वाचली, ते कंपनीने ऑगस्टमधल्या अहवालात सांगितलं: तपासणीच्या नमुन्यात २१ रकाने होते, कोडने मूल्यं दिली होती २०, आणि एकविसावं वाचायला गेल्यावर पाऊल हद्दीबाहेर पडलं.

आपल्या संगणकावर असं झालं तर?

दुरुस्त करणाऱ्याला पडद्याचा फोटो पाठवताना लोक नेमका खालचा भाग कापतात, कारण तिथे नुसते आकडे दिसतात. लिनक्सच्या त्या मजकुरात वरच्या बाजूला आवृत्ती आणि बांधणीचा क्रमांक असतो, म्हणजे कोणती वही काढायची ते कळतं. 'कर्नल ऑफसेट' असते अगदी तळाशी, शेवटच्या एक-दोन ओळींत. फोटो काढताना त्या ओळी चौकटीत येतील एवढं मागे सरकून काढा.